एचआर सॉफ्टवेअर सोपं हवं, पण नक्की कुणासाठी?

तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर सोमवारी रात्री १०.५५ ला गेटवरच्या मशीनवर पंच करून आत येतो, मंगळवारी सकाळी ७.१० ला बाहेर पडतो आणि मंगळवारी रात्री १०.५५ ला पुन्हा आत. आता हजेरी-पगार सांभाळणाऱ्या ज्या एचआर सॉफ्टवेअरला दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा एवढंच कळतं, त्याला हे कसं दिसतं बघा. सोमवारी एकच पंच, म्हणजे मिसपंच. मंगळवारी पहिला पंच ७.१०, शेवटचा १०.५५, म्हणजे माणूस सलग पावणेसोळा तास कामावर! पगाराला एका दिवसाचा खाडा आणि दुसऱ्या दिवशी पावणेआठ तासांचा ओव्हरटाइम. प्रत्यक्षात दोन्हींतलं काहीच घडलेलं नाही.

रात्रपाळी ओळखणं हे झालं वैशिष्ट्य, विक्रेत्याच्या भाषेत फीचर. समजा, सॉफ्टवेअरला ते जमतं. पण त्याच ऑपरेटरचा बुधवारी सकाळचा पंच राहिला. दुरुस्तीचा अर्ज करायला त्याला ॲप उघडून पासवर्ड आठवायचा, मेनूतून हजेरी, त्यातून 'रेग्युलरायझेशन' शोधायचं, तारीख, वेळ, कारणाचा प्रकार, शेरा असं सगळं भरायचं. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस हे करत नाही. तो सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर लिहितो, 'साहेब काल पंच राहिला'. सुपरवायझर २९ तारखेला असे वीस मेसेज एचआरला पाठवतो आणि एचआरमधला क्लार्क एक तारखेला ते हाताने भरत बसतो. रात्रपाळीचं फीचर शाबूत आहे, फक्त त्याच्यापर्यंत नोंद पोहोचत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून सॉफ्टवेअर घेताना पडणारा 'सोपं घ्यावं की भरपूर फीचरवालं' हा प्रश्नच जरा चुकीच्या जागी उभा आहे. फीचर नोंदींवर जगतात आणि नोंदी सोपेपणावर. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज अशा एमआयडीसीतली १००-२०० माणसांची कंपनी डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब मांडू. आयटी कंपनीचं गणित थोडं वेगळं असतं, पण तत्त्व तेच.

हात चार, वेळ वेगवेगळी

एकच सॉफ्टवेअर चार प्रकारचे लोक वापरतात. कामगार रजा टाकतो, पंच दुरुस्त करतो, पगाराची स्लिप बघतो. सुपरवायझर मंजुरी देतो. पगार करणारा एचआर किंवा अकाउंट्सवाला महिन्याचे सात-आठ दिवस त्यातच बुडालेला असतो. मालक किंवा सीए महिन्यातून एकदा रिपोर्ट बघतात. डेमो मात्र बहुतेक वेळा या शेवटच्या दोघांनाच दाखवला जातो, आणि सही तेच करतात.

१४० माणसांच्या कंपनीत रजा आणि दुरुस्ती मिळून माणशी महिन्याला तीन नोंदी धरा. झाल्या ४२०. एका नोंदीला ४० सेकंदांऐवजी २ मिनिटं ४० सेकंद लागले, तर फरक ८४० मिनिटांचा, म्हणजे महिन्याला १४ तास. मंजुरीच्या बाजूलाही तेच. यादीतून एका बोटात मंजुरी दिली तर १० सेकंद, प्रत्येक अर्ज उघडून दिली तर एक मिनिट. ४२० अर्जांमागे पावणेसहा तासांहून जास्त वेळ जातो, तोही ज्यांनी लाइन चालवायची त्या लोकांचा. उलट, पगार करणाऱ्या एका माणसाला अवघड स्क्रीन शिकायला सुरुवातीला दोन दिवस जास्त लागले तर काही बिघडत नाही. ते त्याचं कामच आहे, आणि तो ते दर महिन्याला करणार आहे.

यातून निवडीचा एक सरळ नियम निघतो. कामगार आणि सुपरवायझरच्या स्क्रीनवर सोपेपणाला जास्त वजन द्या, पगाराच्या इंजिनात खोलीला. 'सर्वांत सोपं' म्हणून विकलेलं सॉफ्टवेअर अनेकदा फक्त पगारवाल्याची स्क्रीन सोपी करतं, आणि तीही नियम गाळून.

जिथे तडजोड करायची नाही

कायद्याने ठरवलेली कपात हे फीचर नव्हे, ती किमान अट आहे. 'आमच्याकडे पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), पीटी सगळं आहे' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण ते सगळेच म्हणतात. समोर बसवून आकडे काढून घ्यायचे. उत्तर आपल्याला आधीच माहीत असलेले प्रश्न घालायचे.

पीएफपासून सुरुवात करा. पीएफचा पगार १५,००० रुपये असेल तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकाच्याही १,८०० पैकी पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. आता याच माणसाचा पीएफचा पगार २०,००० करून बघा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण पगारावर कपात करायला सांगा. पेन्शनचा आकडा १,२५० वरच थांबला पाहिजे आणि मालकाचा उरलेला सगळा हिस्सा पीएफकडे वळला पाहिजे. पेन्शनचा आकडा १,६६६ दिसला तर पुढचा डेमो पाहायची गरज नाही. शेवटी ईसीआर फाइल काढून मागा. पीएफच्या पोर्टलवर दर महिन्याला चढणारी ही साधी टेक्स्ट फाइल असते, रकान्यांच्या मध्ये #~# अशी खूण असलेली. 'एक्सेल देतो, तुम्ही बदलून घ्या' असं उत्तर आलं तर दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत ते काम तुमच्याच गळ्यात येणार आहे.

ईएसआयसीत गंमत जास्त आहे. मासिक पगाराची मर्यादा २१,००० रुपयांची, पण योगदानाचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन. जूनपर्यंत २०,५०० घेणाऱ्याला जुलैत वाढ मिळून २२,००० झाले, तरी सप्टेंबरअखेरपर्यंत कपात चालूच राहते, आणि ती पूर्ण २२,००० वर: कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १६५ रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ७१५. कच्चं सॉफ्टवेअर जुलैतच कपात थांबवतं. कामगार खूश होतो, कारण हातात पैसे जास्त येतात. चूक नंतर तपासणीत निघते आणि व्याजासकट मालकाकडून वसूल होते.

व्यवसाय कर म्हणजे पीटी. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे. म्हणून चाचणीला दोन महिला कर्मचारी घ्या, एक २४,५०० ची आणि एक २५,६०० ची. पहिलीला शून्य, दुसरीला २००. मग महिना फेब्रुवारी करून बघा. कामगार कल्याण निधीची कपात तर फक्त जून आणि डिसेंबरच्या पगारात येते, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५, त्यामुळे मार्चमध्ये दाखवलेल्या डेमोत ती कधी दिसतच नाही. मुद्दाम जूनचा पगार काढायला लावा.

आणि ताजा मुद्दा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतनाच्या व्याख्येतून जे भत्ते वगळले जातात, त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. ३०,००० मध्ये बेसिक व महागाई भत्ता १२,००० आणि असे भत्ते १८,००० असतील, तर निम्मे १५,०००, म्हणून जादाचे ३,००० वेतनात मिळवून वेतन १५,००० धरायचं. शिवाय नोकरी सोडणाऱ्याचं किंवा काढलेल्याचं देणं दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. पूर्वी 'फुल अँड फायनल' महिन्याच्या पगाराबरोबर निघायचं, आता सॉफ्टवेअरला महिन्याच्या मध्यावर एका माणसाचा हिशेब मिटवता आला पाहिजे: अर्धवट महिन्याचे दिवस, शिल्लक रजेचे पैसे, नोटिशीची वजावट, उचल घेतलेली रक्कम, सगळं. ज्या पगार इंजिनात 'महिना बंद केल्याशिवाय हिशेब नाही' अशी रचना आहे, तिथे हे काम पुन्हा एक्सेलमध्येच जातं.

कायदा बदलल्यावर नियम कोण बदलतं, किती दिवसांत, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

एकदा ठरवायचं की दरवेळी विचारायचं

सोपेपणा म्हणजे बटणं कमी असणं, असं वाटतं. खरं तर तो निर्णय कमी असण्यात आहे. बिनपगारी रजेचं उदाहरण घेऊ. २६,००० पगाराच्या माणसाने २८ दिवसांच्या फेब्रुवारीत दोन दिवस बिनपगारी काढले. महिन्याच्या दिवसांनी भागलं तर कपात १,८५७ रुपये, २६ ने भागलं तर २,०००, ३० ने भागलं तर १,७३३. तिन्ही पद्धती कुठे ना कुठे चालतात. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय असतो, पण तो सुरुवातीला एकदा ठरवून कुलूपबंद करता येतो. वाईट सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकं दिसतात: एकतर पर्यायच नाही, नाहीतर दर महिन्याला पगार काढताना तो विचारला जातो. दुसऱ्या प्रकारात नवा क्लार्क आला की एकाच वर्षात तीन वेगळे हिशेब निघतात आणि युनियनचा माणूस तिन्ही स्लिपा टेबलावर मांडतो.

हीच गोष्ट दोन सुट्ट्यांच्या मध्ये सापडलेल्या रजेची, उशिराच्या सवलतीच्या मिनिटांची, कॉम्प-ऑफ (सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली रजा) किती दिवसांत वापरायचा याची. विक्रेत्याला विचारा, 'हे कुठे ठरवायचं, आणि ते आम्ही स्वतः बदलू शकतो का, की तुमच्याकडे तिकीट टाकायचं?'

जे पाहून मन भुलतं

२००५ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वस्तू वापरण्याआधी लोकांना जास्त फीचर असलेली आवडते, पण वापरून झाल्यावर त्यांच्या समाधानात सोपेपणाचं वजन वाढतं. फीचरचा थकवा असं त्यांनी त्याला नाव दिलं. एचआर सॉफ्टवेअरमध्ये हा थकवा जरा जास्तच जाणवतो, कारण निवडणारा आणि वापरणारा माणूस एक नसतो.

१४० माणसांच्या कारखान्यात चारी बाजूंनी मूल्यांकन, शाबासकीचे बिल्ले, वाढदिवसाची भिंत, भावना मोजणारी प्रश्नावली हे सगळं मेनूत असलं की प्रत्येक ओळीमागे 'रजा' हा शब्द एक इंच खाली सरकतो. ही मॉड्यूल वाईट नाहीत, ५०० माणसांच्या ऑफिसात ती कदाचित लागतीलही. प्रश्न एवढाच, की ती लपवता येतात का. कामगाराच्या भूमिकेतून लॉगिन केल्यावर पहिल्या स्क्रीनवर हजेरी, रजा, स्लिप आणि तक्रार यापलीकडे काही दिसू नये. बाकीचं बंद करता येत असेल तर फीचरची संख्या अडचणीची नाही. येत नसेल, तर फुकट मिळालेलं मॉड्यूलही महागच.

मराठी स्क्रीनबद्दलही एक गोष्ट. 'भाषा उपलब्ध' या टिकमार्कवर समाधान मानू नका. मराठी निवडून रजेचं पान उघडा. 'लीव्ह' या शब्दाच्या जागी 'सोडा' असं लिहिलेलं सापडलं, तर भाषांतर मशीनने केलंय आणि कुणी वाचलेलं नाही. त्यापेक्षा 'लीव्ह', 'शिल्लक', 'मंजूर' असं रोजच्या बोलण्यातलं परवडलं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा शॉपफ्लोअरवर फोन नेता येत नाही, त्यांच्यासाठी कँटीनपाशी एक सामायिक टॅब्लेट चालेल का, तेही विचारा. आणि लॉगिन मोबाइलवरच्या ओटीपीने होऊ द्या. पासवर्ड ठेवलात, तर पहिले तीन महिने एचआरचं मुख्य काम पासवर्ड बदलून देणं हेच असेल.

पाच माणसं, सहा कामं

सोपेपणा मोजता येतो, तो चवीचा विषय नाही. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाचं म्हणणं प्रसिद्ध आहे, की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी उघड होतात. विक्रेत्याकडून चाचणीचं खातं घ्या आणि पाच माणसं निवडा: दोन ऑपरेटर, एक हेल्पर, दोन सुपरवायझर. एचआरमधलं कुणी नको. त्यांना काम सांगा, मार्ग सांगू नका. पुढच्या शुक्रवारची रजा टाका. मंजूर झालेली रजा रद्द करा (इथे काही सॉफ्टवेअर अडखळतात, कारण बटणच नसतं). कालचा राहिलेला पंच दुरुस्त करा. मागच्या महिन्याची स्लिप काढून ओव्हरटाइमचे तास शोधा. सुपरवायझरने आलेले पाच अर्ज मंजूर करायचे आणि त्या दिवशी लाइनवर आणखी कोण नाही ते सांगायचं. हे शेवटचं विशेष बघा. ज्या मंजुरीच्या स्क्रीनवर इतरांच्या रजा दिसत नाहीत, तिथे सुपरवायझर वहीच वापरत राहतो.

घड्याळ लावा, गप्प बसा, कुठे बोट थांबतं ते लिहा. मदत मागितली की ते काम नापास.

नंतर हवी तर गुणांची चाचणीही घेता येते. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा वाक्यांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. वाक्यं एक आड एक चांगली आणि वाईट, उत्तर १ ते ५. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं, म्हणजे शंभरपैकी गुण मिळतात. सरासरी साधारण ६८ ची मानतात. कुणी भिडेखातर सगळीकडे मधला ३ दिला तर ५० येतात, म्हणजे 'ठीक आहे' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात सरासरीच्या बराच खालचा शेरा देत असतो. पाच माणसांच्या गुणांवरून दोन सॉफ्टवेअरमधल्या तीन-चार गुणांच्या फरकाला मात्र काही महत्त्व देऊ नका. अडखळण्याच्या जागा जास्त बोलतात.

काही गोष्टी अवघडच हव्यात

कामगाराचा बँक खाते क्रमांक बदलणं एका माणसाच्या एका बोटावर असेल, तर ते सोपं नाही, धोक्याचं आहे. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि बदलाचा संदेश कामगाराच्या आधीपासून नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर गेला पाहिजे. लॉक केलेला महिना उघडणं, मागील तारखेपासून पगारवाढ टाकणं, हजेरी हाताने बदलणं हेही तसंच. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद पुसता येता कामा नये. ही फीचर डेमोत कंटाळवाणी वाटतात आणि कुणी मागतही नाही.

माहिती हलवताना

चांगलं सॉफ्टवेअरही पहिल्या महिन्यात बदनाम होतं ते बहुधा एक्सेलमुळे. बारा आकडी यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक) साध्या रकान्यात पेस्ट केला की १.०१ई+११ असा दिसू लागतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. एक्सेल १५ च अर्थपूर्ण अंक धरतं, म्हणून १६ आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो आणि पगार परत येतो. पेस्ट करण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करून घ्या, नंतर केल्याने गेलेला अंक परत येत नाही. तारखांचंही तेच. ३/४/२०१९ हे ३ एप्रिल की ४ मार्च, हे फाइलला कळत नाही, आणि ग्रॅच्युइटीच्या वेळी ते वादाला कारण होतं. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलेली तारीख चढवा. आधार आणि यूएएनवरचं नाव जुळतं का, हेही आधीच बघा.

बदल एप्रिलपासून केला तर उत्तम. वर्षाच्या मध्यात केलात, तर एप्रिलपासूनचा प्रत्येकाचा पगार आणि कापलेला टीडीएस महिनावार आत घालावा लागतो. नाही घातला, तर सॉफ्टवेअर समजतं की माणूस आत्ताच कमवायला लागलाय, आणि त्याचा वर्षाचा कर चुकतो.

दोन महिने जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवा. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका, कारण एकाचे ३०० जास्त आणि दुसऱ्याचे ३०० कमी असले तरी बेरीज जुळतेच. माणूसवार निव्वळ पगाराची वजाबाकी काढा. राउंडिंगच्या एका रुपयापलीकडचा प्रत्येक फरक शोधायचा. बऱ्याचदा चूक जुन्या एक्सेलमध्येच सापडते, आणि मग मागची वसुली करायची की सोडायची हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

दराचं बोलणं यानंतर. बाजारात ग्रेटएचआर, केका, झोहो, डार्विनबॉक्सपासून स्थानिक लहान कंपन्यांपर्यंत बरेच आहेत, आणि भाव सहसा माणशी दरमहा सांगितला जातो. त्यात किमान माणसांची अट आहे का, बायोमेट्रिक मशीन जोडायचे वेगळे पैसे आहेत का, सोडून गेलेल्या कामगाराचेही पैसे मोजले जातात का, हे विचारा. आणि सही करण्याआधी, चाचणीच्या खात्यातूनच, सगळी माहिती बाहेर काढून दाखवायला सांगा: कर्मचारी, महिनावार पगार, रजेची शिल्लक, रोजचे पंच. पीडीएफमध्ये नव्हे, एक्सेल किंवा सीएसव्हीत. आत्ता निघत नसेल, तर तीन वर्षांनी भांडण झाल्यावर नक्कीच निघणार नाही.